फक्त गोडी छाटणीपासूनचे पाच महिने सांभाळून द्राक्षबाग चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात वडिलांची दोन एकर थॉमसन (बिनबियांची द्राक्षं) आहे, नऊ बाय पाच फुटांवर, डॉगरिज खुंट (ज्यावर कलम केलंय ती मुळं), बागेचं वय आठ वर्षं. वडिलांना आता रोज बागेत फिरणं होत नाही. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी घरून काम करायची परवानगी मिळू शकते, तर तेवढे पाच महिने तुम्ही बघायचं आणि बाकीचे सात महिने एक माणूस ठेवायचा असा विचार आहे. यंदा वेलीला जेमतेम १२ ते १५ घड निघाले, तर ऑक्टोबरमध्ये कुठलं औषध चुकलं आणि पुढच्या वर्षीसाठी गोडी छाटणीपासूनचं (माल काढण्यासाठीची ऑक्टोबरची छाटणी) शेड्यूल काय ठेवायचं, हे विचारलंय.

मला विचाराल तर ऑक्टोबरमध्ये काहीच चुकलेलं नसावं. घड कमी निघाले ते मे-जूनमध्येच कमी पडले होते, ऑक्टोबरमध्ये ते फक्त दिसले. आणि तुम्ही जे सात महिने माणसावर सोडायचं म्हणताय त्याच महिन्यांत पुढच्या वर्षीचं पीक ठरतं, म्हणून शेड्यूल द्यायच्या आधी हे बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं.

आधी एवढं सांगतो की मी निफाड पट्ट्यातला. भारी काळी जमीन, ड्रिप, पाणी विहिरीचं आणि थोडं कालव्याचं. पुढे जे लिहितोय ते या भागातल्या सफेद मालाच्या (हिरव्या-पांढऱ्या द्राक्षांच्या) अनुभवावरून. सटाणा-कळवणकडे अर्ली, म्हणजे लवकरचा माल घेणारे जुलै-ऑगस्टमध्येच गोडी छाटणी उरकतात, त्यांच्या तारखा आणि त्यांची रिस्क पूर्ण वेगळी. तासगावकडे बेदाण्यासाठी बाग धरली असेल तर मण्याच्या साईझपेक्षा साखरेला महत्त्व, तिथलं गणित वेगळं. हलकी मुरमाड जमीन असेल, पाणी खारट असेल, तर खत-पाण्याचे आकडे बदलतात. पण घड कधी आणि कसा तयार होतो, हे सगळीकडे सारखंच आहे.

आपल्याकडे हिवाळा एवढा कडक नसतो की वेल आपोआप झोपेल. हिमाचलात सफरचंदाला किंवा युरोपात द्राक्षाला थंडी झोपवते, वसंतात झाड फुटतं, छाटणी वर्षाला एकदाच. आपल्याकडे वेलीचं घड्याळ आपल्यालाच लावावं लागतं, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्या काडीतला माल बाहेर काढण्यासाठी. काडीत घडच नसेल तर ऑक्टोबरमध्ये कितीही महागडं टॉनिक मारा, येणार कुठून?

आता तो घड काडीत येतो कसा ते बघा. खरड छाटणीनंतर जी नवी फूट निघते तिच्यावर प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा तयार होतो, आणि त्या डोळ्याच्या आत एक बारीकसा कोंब असतो ज्याचं पुढे काय व्हायचं हे अजून ठरलेलं नसतं. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी (वेलीचा फळ न येणारा गुंडाळता तंतू) होऊ शकते, दोन्ही एकाच कोंबातून होतात. स्वच्छ ऊन, उष्णता, वाढीला थोडा लगाम आणि वेलीत सायटोकायनिन या संप्रेरकाचं प्रमाण चांगलं असेल तर तो घडाकडे वळतो. सावली, ढगाळ हवा, भरपूर नत्र आणि पाण्यामुळे पळणारी वाढ, म्हणजे जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा जोर असेल तर बाळीकडे वळतो. हा निर्णय साधारण छाटणीनंतर ४० ते ७० दिवसांच्या काळात होतो, त्यानंतर आपल्या हातात फारसं काही राहत नाही.

हे दिवस कॅलेंडरवर मांडून बघा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटली तर हा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो, म्हणजे बहुतेक वर्षी कडक ऊन मिळतं. तीच छाटणी माल उशिरा निघाला म्हणून किंवा मजूर मिळाले नाहीत म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात गेली तर हा काळ जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सरकतो आणि तेव्हा आभाळ भरलेलं. २०२५ साली तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, मुंबईत २६ मेलाच मॉन्सून पोचला, आणि त्या हंगामात आमच्या भागात कितीतरी बागांत गोडी छाटणीनंतर नुसत्या बाळ्या आणि गोळी घड (आखडलेले, अशक्त घड) निघाले. लोकांनी दोष पेस्टला (छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून लावायचं औषध) दिला, खताला दिला, दुकानदाराला दिला. पण ज्यांची छाटणी लवकर झाली होती आणि ज्यांनी मेमध्ये काड्या मोकळ्या ठेवल्या होत्या त्यांच्याकडे त्यातल्या त्यात बरे घड निघाले. तुमच्याकडे खरड छाटणी कधी झाली होती ते लिहिलेलं नाही, वडिलांना विचारा, माझ्या मते उत्तर तिथे सापडेल.

म्हणजे खरड छाटणीनंतर नेमकं काय बघायचं. पहिलं म्हणजे ओलांड्यावर (तारेवर पसरलेली वेलीची आडवी फांदी) फूट एकसारखी आणि एकाच वेळी निघाली पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात ओलांडा तापतो आणि डोळे मागेपुढे फुटतात, म्हणून छाटणीनंतर पेस्ट लागते आणि उन्हाच्या दिवसांत ओलांड्यावर पाण्याची फवारणी करतात. दुसरं, फुटींची विरळणी. छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांत वेलीवर फुटींची गर्दी होते आणि माणसाला त्या काढायला जीव होत नाही, एवढी छान हिरवी फूट कशाला काढायची असं वाटतं. पण नऊ बाय पाचच्या वेलीला ३० ते ३५ काड्या बास, त्याच्या वर ठेवल्या की एकमेकींवर सावली पडते. दुपारी बारा वाजता बागेत उभं राहून खाली बघायचं, जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसत असतील तर काड्या बरोबर आहेत, जमीन पूर्ण काळोखी दिसत असेल तर खालच्या डोळ्यांना ऊन मिळत नाहीये. तिसरं सबकेन. फूट सहा-सात पानांवर आली की शेंडा मारायचा, मग तिथून बगलफूट पुढे धरायची, त्या गाठीजवळ काडीची वाढ थांबून डोळा भरतो आणि घड बहुतेक त्या गाठीच्या आसपासच सापडतो. शेंडा मारायला आठ-दहा दिवस उशीर झाला की वाढ पळते आणि त्याचा फायदा निम्म्यावर येतो. हे काम मजुरांच्या टोळीला एकदा सांगून होत नाही, बागेत सगळ्या फुटी एका दिवशी सात पानांवर येत नाहीत, दर तीन-चार दिवसांनी फिरावं लागतं.

चौथं खत आणि पाणी. पहिले तीस-पस्तीस दिवस काडी वाढायला नत्र आणि पाणी लागतं, पण ४० दिवसांच्या आसपास नत्र थांबवून पाणी कमी करायचं, स्फुरद आणि नंतर पालाशकडे जायचं. ठेवलेला माणूस इथेच चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मे महिन्याचं ऊन, पानं दुपारी जरा मलूल दिसली की तो काळजीपोटी ड्रिप दोन तास जास्त चालवतो. बाग हिरवीगार दिसते, तुम्ही रविवारी आलात की खूश होता, आणि आत डोळ्यात बाळी तयार होत असते. ४५ दिवसांच्या आसपास पानदेठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करून घ्या, त्यावरून खत ठरवा, शेजाऱ्याने काय टाकलं त्यावरून नको.

वाढ रोखायला पूर्वी सगळे सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट मारायचे. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याच क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, तो हंगाम अनेकांना बुडवून गेला. खरडीत मारलेल्या औषधाचे अंश पुढच्या मालात येऊ शकतात हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्यामुळे वाढ पाण्याने, शेंडा मारून आणि पालाशने रोखा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची निर्यातीसाठीची औषधांची यादी असते, ती दरवर्षी बघा आणि माणसाच्या हातात तिची प्रिंट द्या.

जुलै ते सप्टेंबर त्या मानाने शांत. काडी पिकवायची, पानं टिकवायची. पावसात करपा आणि डावणी हे बुरशीचे रोग येतात, एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) स्वस्तात चांगलं काम करतं. पानं लवकर गळाली तर काडीत साठा राहत नाही आणि पुढे घड अशक्त निघतो, म्हणून माल नाही म्हणून फवारणी टाळू नका. पिकलेली काडी तपकिरी दिसते आणि कापली तर आतला गाभाही तपकिरी होत आलेला असतो.

आता गोडी छाटणी. छाटायच्या आधी काडी तपासून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. बागेतून सरासरी काड्या निवडून लॅबला न्यायच्या, ते डोळे चिरून मायक्रोस्कोपखाली बघून कुठल्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. खर्च फार नाही. साधारणपणे सबकेनच्या गाठीवर एक डोळा राखून काप घेतात, पण घड तीन डोळे पुढे असेल आणि टोळीने सवयीप्रमाणे गाठीवर कापलं तर आहे तेवढा मालही पाल्याबरोबर जमिनीवर पडतो. यंदा तुमच्याकडे असंही झालेलं असू शकतं, लांबून सांगता येत नाही.

तारखेबद्दल विचारलंय. सप्टेंबरमध्ये छाटली तर भाव बरा मिळायची शक्यता पण परतीचा पाऊस नेमका पोंग्यावर (डोळा फुटून पानं उघडायची अवस्था) आणि फुलोऱ्यावर येतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पावसाचा धोका कमी, पण मणी फुगायच्या काळात कडाक्याची थंडी आणि माल एकदम बाजारात. दोन एकर असेल तर मी म्हणेन दोन प्लॉटमध्ये पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा, टोळीलाही ते बरं पडतं आणि एका पावसात सगळं जात नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस किंवा २६ नोव्हेंबर २०२३ ची निफाड भागातली गारपीट बघितलेला माणूस सगळी बाग एका तारखेला छाटत नाही.

छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग एक-दोन दिवसांत व्हायला हवं. प्रमाण साधारण लिटरला ३० ते ४० मिली, थंडी आणि काडी जाड असेल तसं जास्त, ऊन असेल तर कमी, आणि लावायचं फक्त त्या डोळ्यांवर जे फुटायला हवेत. हे औषध खूप विषारी आहे. हातमोजे, अंगभर कपडे, आणि पेस्टिंग करणाऱ्याने त्या आधी आणि नंतर काही दिवस दारूला शिवायचं नाही, कारण या औषधाबरोबर दारूची अतिशय वाईट रिॲक्शन होते. टोळीला हे पहिल्याच सकाळी स्पष्ट सांगा आणि हातमोजे तुम्हीच आणून द्या.

डोळे फुगायला लागले की सकाळ-संध्याकाळ उडद्या हा भुंगेरा बघायचा, तो कोवळा डोळा कुरतडतो आणि एका रात्रीत नुकसान करतो. मग चार-पाच पानांवर घड दिसायला लागला की फेलफूट (घड नसलेली फूट) काढायची. इथून मणी सेट होईपर्यंत, म्हणजे छाटणीपासून साधारण पन्नास-पंचावन्न दिवस, हा सगळ्यात जास्त जीव टांगणीला लावणारा काळ. पाऊस किंवा दाट दव पडून पानं काही तास ओली राहिली की डावणी थेट घडात शिरते आणि घडात शिरलेली डावणी परत काढता येत नाही. फवारणी पावसाआधी झालेली असली पाहिजे, आणि पाऊस उघडला की लगेच दुसरी, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. भारी जमिनीत वाफसा (आत फिरण्याइतकी सुकलेली माती) नसल्याने ट्रॅक्टर-ब्लोअर रुततो, तेव्हा मॅन्कोझेबची धुरळणी किंवा पाठीवरच्या पंपाने का होईना पण करावं लागतं. याच काळात ढगाळ हवा आणि नत्र जास्त झालं तर निघालेले घडही जिरतात, म्हणजे त्यांची बाळी होते. म्हणून तुम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिथे असणार ही गोष्ट अगदी बरोबर ठरवलीत.

मग घड किती ठेवायचे. निर्यातीच्या मालाला दीड चौरस फुटाला एक घड असा हिशोब धरतात. तुमची वेल ४५ चौरस फुटांची, म्हणजे ३० घड. घड सरासरी ३५० ग्रॅमचा धरला तर वेलीला साडेदहा किलो, एकरी ९६८ वेली, म्हणजे साधारण १० टन. यापेक्षा जास्त ठेवून लोक १४-१५ टन काढतात पण साखर भरत नाही, मण्याची साईझ राहत नाही आणि मुख्य म्हणजे पुढच्या खरडीत काडी बारीक येते, एका वर्षाचा हव्यास दोन वर्षं भरावा लागतो. यंदा तुमच्याकडे १२ ते १५ घडच होते म्हणजे वेलीवर लोड कमी होता, साठा चांगला उरलेला असणार. ही पुढच्या वर्षीसाठी जमेची बाजू आहे.

जीएच्या (जिबरेलिक ॲसिड) डिपिंगबद्दल, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याबद्दल, फार लिहीत नाही कारण ते वेल, पानांची संख्या आणि हवामान बघून रोज ठरतं. थॉमसनला फुलोऱ्याआधी पाकळी (घडातल्या बारीक फांद्या) लांबवायला १० आणि १५ पीपीएमच्या फवारण्या, मणी ३-४ मिलिमीटरचा झाला की ४० पीपीएमची बुडवणी आणि ६-७ मिलिमीटरला दुसरी, हा ढोबळ सांगाडा. द्रावणाचा सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या आसपास हवा, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यात जीए नीट काम करत नाही, आणि हे न तपासताच लोक डोस वाढवत बसतात. घडाच्या पुढे दहा-बारा चांगली पानं नसतील तर डिपिंग करून मणी फुगवायचा हट्ट धरू नका, पान नाही तर साखर कोण बनवणार. आणि कात्रीची विरळणी टाळू नका. गच्च घड दिसायला भारी दिसतो पण मणी एकमेकांवर दाबून फुटतात.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी उतरते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे तापमानाचे आकडे पेपरात येतात तेव्हा बागायतदाराची झोप उडते. मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरताना (मणी मऊ होऊन गोडी भरायला लागते तेव्हा) रात्रीची थंडी आणि दिवसाचं ऊन यांत फार फरक पडला की हिरवे मणी गुलाबी पडतात, तडेही जातात. पहाटे ड्रिप चालवणं, बांधावर शेकोट्या करून धूर करणं, पाणी उतरायच्या सुमारास घडांना पेपर लावणं, एवढे उपाय आहेत. या काळात भुरी हा रोग आणि मिलीबग ही कीड बघत राहायचं, बाकी बाग साधारण ठरलेल्या वाटेने चालते.

शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची ते प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते वहीत लिहून ठेवा. निर्यात करायची असेल तर ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी दरवर्षी लागते आणि प्लॉटवरून नमुना नेऊन अंश तपासतात, तिथे वही नीट नसली की अडचण होते. लोकलला देणार असाल तर व्यापाऱ्याबद्दल चौकशी करा आणि पैसे हातात पडल्याशिवाय पुढची गाडी भरू देऊ नका. दोन रुपये किलोला जास्त देतो म्हणणारा अनोळखी माणूस माल घेऊन गायब झाल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात आणि भोगावं शेतकऱ्यालाच लागतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पाच महिन्यांची परवानगी सलग ऑक्टोबर ते फेब्रुवारी घेऊ नका, तोडून मिळते का ते ऑफिसला विचारा. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दोन महिने, आणि गोडी छाटणीच्या दिवसापासून पुढचे दोन-अडीच महिने. ही दोन टोकं तुम्ही स्वतः धरा. जानेवारी-फेब्रुवारीत वडील आणि ठेवलेला माणूस मिळून बाग सांभाळू शकतात, वडिलांचा डोळा तयार आहे, त्यांना फक्त चालणं होत नाही. काढणीच्या वेळी चार दिवस सुट्टी टाकून या. सलगच मिळणार असेल आणि तोडून अजिबात जमणार नसेल तर मग निदान मे महिन्यात दर शनिवार-रविवार या, आणि माणूस नुसता फवारणी करणारा नको, खरडीत काड्या हाताळलेला, सबकेन समजणारा बघा. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांमध्ये असे जाणते लोक असतात, त्यांना दोन पैसे जास्त द्या आणि दरवर्षी तीच टोळी राहील असं बघा.

सध्या माल संपला म्हणताय तर बागेचं पाणी तोडू नका, वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती द्या, हलकं खत द्या, बोदात (वेलीच्या ओळीतला मातीचा वरंबा) शेणखत टाकायचं असेल तर हीच वेळ. माती आणि पाण्याचा नमुना या आठवड्यातच लॅबला द्या, रिपोर्ट छाटणीच्या आधी हातात पाहिजे. छाटणी एप्रिलच्या पहिल्या दहा दिवसांत बसवा आणि त्यासाठी टोळी आत्ताच बोलून ठेवा, नंतर सगळ्यांची धावपळ एकदम सुरू होते. आणि मला तीन गोष्टी पाठवा: गेल्या वर्षीच्या खरड छाटणीची तारीख, पाण्याचा ईसी (क्षारांचं प्रमाण), आणि ओलांड्यांचे जवळून काढलेले पाच-सहा फोटो. ओलांड्यावर कुठे गॅप पडलेत ते दिसलं की वेलीला किती काड्या धरायच्या आणि कुठे नवा ओलांडा तयार करायचा ते नीट सांगता येईल.